एकाची गाडी, चार-पाच घरांचा वापर: नाशिकमध्ये कार क्लब कसा चालवायचा

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवड्याची धूळ घेऊन उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. त्याच इमारतीत एखाद्या घरात आजी-आजोबांना दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधणं चालू असतं, कुणाला पहाटेच्या रेल्वेसाठी नाशिकरोड गाठायचं असतं, कुणाला वर्षातून दोनदा वणीला जाण्यापुरती गाडी हवी असते. गाडी एकाची आणि वापर चार-पाच घरांचा, ही व्यवस्था इथे नीट चालू शकते. ती बिघडते तेव्हा बहुतेक वेळा पैशांच्या हिशेबावरून बिघडते, आणि त्याच पैशांमुळे ऐन वेळी विमा हातातून जातो. म्हणून सुरुवात पैशांपासूनच.

मालकाच्या हातात भाडं पडता कामा नये

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली गाडी खासगी. ती पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला दिली की कायद्याच्या नजरेत ती भाड्याची गाडी होते, आणि भाड्याच्या गाडीला परवाना लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ६६ परवान्याचं आहे. परवान्याशिवाय असा वापर केला तर कलम १९२अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांसाठी १९८९ ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे. तिच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, आणि परवाना मिळवायला किमान ५० गाड्या लागतात. चार शेजाऱ्यांसाठी तो रस्ता नाही.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. तुमच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ असा परिच्छेद असतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर या विम्यात येत नाही. अपघात मोठा असेल तर कंपनी तपासनीस पाठवते, आणि तो गाडी चालवणाऱ्याला पहिल्या काही प्रश्नांतच विचारतो की गाडी कशी मिळाली, पैसे किती दिले. यूपीआयच्या नोंदीत कुणी गमतीने ‘गाडी भाडं’ लिहिलं असेल तर तो पुरावा होतो. अशी गंमत सभासदांना पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा.

परदेशात कार क्लब जुने आहेत. झुरिचमध्ये १९४८ साली सहकारी तत्त्वावर पहिला प्रयोग झाला. आज तिथल्या क्लबांत तासाचा आणि किलोमीटरचा दर असतो, आणि विमाही त्याच वापरासाठी काढलेला असतो. आपल्याकडच्या खासगी पॉलिसीत तशी सोय नाही, म्हणून तिकडचं दरपत्रक जसंच्या तसं उचलू नका.

मग खर्च वाटायचा कसा? नियम एकच ठेवा: ज्याने गाडी नेली त्याने आपला खर्च थेट जागेवर द्यायचा. पेट्रोल पंपावर स्वतः पैसे भरायचे, फास्टॅग स्वतः रिचार्ज करायचा, पार्किंग, पंक्चर आणि आपल्या हातून झालेलं नुकसान स्वतः भरायचं. मालकाच्या खात्यात एक रुपयाही जमा करायचा नाही. वार्षिक विमा, रोड टॅक्स आणि गाडीची घसरणारी किंमत मालकाची. गाडीतून कमाई करायची असेल त्याने हा मार्ग घेऊच नये.

मालकाला यातून काय मिळतं, असा रास्त प्रश्न येतो. गाडी फिरती राहिल्याने बॅटरी उतरत नाही आणि टायर एकाच जागी दबून राहत नाहीत, एवढ्यावर कुणी गाडी देणार नाही. म्हणून गटात शक्यतो दोन वेगळ्या प्रकारच्या गाड्या असाव्यात. एकाची छोटी सीएनजी हॅचबॅक, दुसऱ्याची सात आसनी. छोट्या गाडीवाल्याला पाहुणे आले की मोठी मिळते, मोठ्या गाडीवाल्याला कॉलेज रोडवर जायला छोटी मिळते. हा शेजारधर्माचा व्यवहार आहे आणि तोच टिकतो.

सर्व्हिसिंगचं बिल वाटून घ्यायचं का, हा प्रश्न जास्त नाजूक. किलोमीटरच्या प्रमाणात प्रत्येकाने थेट गॅरेजला पैसे देणं व्यवहारात योग्य वाटतं, पण कंपनी त्याला मोबदला म्हणू शकते. त्यामुळे विमा कंपनीला आधी ईमेल करा. मजकूर साधा ठेवा: “माझी गाडी माझ्या ओळखीचे चार लायसन्सधारक शेजारी अधूनमधून चालवतील. मी भाडं घेणार नाही. इंधन व टोल ते स्वतः भरतील. सर्व्हिसिंगच्या बिलाचा वाटा ते गॅरेजला थेट देतील. माझ्या पॉलिसीप्रमाणे हे चालतं का, ते लेखी कळवा.” उत्तर येईपर्यंत गाडी देऊ नका. सर्व्हिसिंगबद्दल नकार आला तर तो भाग काढून टाका, बाकीचं चालू ठेवा. एजंटने फोनवर “काही होत नाही” म्हटलं, त्याला क्लेमच्या वेळी शून्य किंमत असते.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा करारही वाचा. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देण्यावर त्यात बंधन असू शकतं. कंपनीने दिलेली किंवा लीजवरची गाडी क्लबमध्ये आणूच नका.

माणसं निवडताना

एका गाडीमागे चार ते पाच घरं पुरे. त्याहून जास्त झाली की शनिवार-रविवारची ओढाताण सुरू होते. सगळी घरं पायी पाच-दहा मिनिटांच्या आत असावीत. गाडी आणायला रिक्षा करावी लागली की लोक गाडी रात्री आपल्याच दारात ठेवू लागतात, आणि तिथून कुरबुर सुरू होते.

प्रत्येक चालकाचं लायसन्स परिवहन विभागाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तपासा. त्यात हलक्या मोटार वाहनाचा वर्ग आहे ना, तो पाहा, आणि मुदत संपण्याची तारीख क्लबच्या वहीत लिहून ठेवा. चाळिशी-पन्नाशीच्या आसपास अनेकांची मुदत संपते आणि लक्षात येत नाही. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचं सरळ कारण मिळतं. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कलम १८० खाली मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. अल्पवयीन मुलाने चालवली तर कलम १९९अ लागतं: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि बारा महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द. शिकाऊ लायसन्सवर शिकायला कायदा अटींसह मुभा देतो, पण क्लबच्या गाडीवर शिकणं पूर्ण बंद ठेवा. सभासदाचा मुलगा, मेहुणा, ड्रायव्हर यांपैकी ज्याचं नाव यादीत नाही त्याने चालवायची नाही.

लायसन्स असणं आणि गाडी येणं यांत फरक आहे. प्रत्येकाला शेजारी बसवून तासभर चालवून पाहा. बेसमेंटच्या उतारावर रिव्हर्स, संध्याकाळी द्वारका चौकाची गर्दी, मग त्र्यंबक रोडवर थोडं वेगात. बघायचं ते डाव्या पायाकडे. अनेक हातांत फिरणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी क्लच प्लेट जाते. चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं आणि चालवताना क्लचवर पाय टेकवून ठेवणं, ही दोन कारणं. ही सवय असलेल्याला ती मोडायला सांगा आणि महिन्याने पुन्हा पाहा. इथे भीड ठेवली तर नंतर गिअरबॉक्स उतरवण्याचं बिल कुणाचं, यावर भांडण ठरलेलं.

विम्यात काय हवं

फक्त थर्ड पार्टी विमा असलेली गाडी क्लबला देऊ नका, सर्वसमावेशक पॉलिसीच हवी. चालक बदलला तरी पॉलिसी चालते, कारण मालकाच्या संमतीने चालवणारा वैध लायसन्सधारक तिच्या चालकाच्या कलमात बसतो. पण एक जागा रिकामी राहते आणि ती बहुतेकांना माहीत नसते. पॉलिसीतला १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकासाठी असतो. शेजारी चालवताना जखमी झाला किंवा दगावला तर त्याला त्यातून काहीही मिळत नाही. म्हणून प्रत्येक सभासदाने आपल्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा आणि त्याची प्रत क्लबकडे द्यावी. सोबत मालकाने अनामिक प्रवाशांसाठीचं संरक्षण पॉलिसीला जोडावं. ते माणशी २ लाखांपर्यंत मिळतं आणि त्याचा हप्ता फार नसतो.

जोड संरक्षणांपैकी झीरो डेप्रिसिएशन घ्या, म्हणजे बदललेल्या भागांचा घसारा न कापता भरपाई मिळते. नाशिकच्या पावसाळ्यासाठी इंजिन प्रोटेक्ट घ्या. किल्ली अनेकांकडे फिरणार असल्याने किल्ली हरवण्याचंही घ्या. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. ते त्या वेळच्या चालकाने भरायचे, हे आधी ठरवा.

छोट्या नुकसानीला क्लेम करायचा की नाही, हे भावनेने नाही, आकड्याने ठरवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. समजा बोनस धरण्याआधीचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांवर आहे. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ६,००० रुपये जास्त जातात. त्यानंतरच्या वर्षांत ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. बेरीज १५,०००. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून खरा आकडा याहून थोडा कमी येईल, पण अंदाज हाच. याचा अर्थ बंपर रंगवायचं ८,००० रुपयांचं बिल क्लेममध्ये टाकणं तोट्याचं, आणि तो तोटा चूक न केलेल्या मालकावर पडतो. आपल्या गाडीचा असा आकडा काढून करारात लिहा: या रकमेपर्यंतची दुरुस्ती चालकाने रोख करायची, त्यावरच क्लेम. क्लेम झालाच तर गेलेल्या बोनसचं काय, हेही त्याच ओळीत ठरवून टाका.

दोन पानांचा करार

५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार करून नोटरी करून घ्या. दोन पानं पुरतात. गाडीचा क्रमांक, चालकांची नावं व लायसन्स क्रमांक, भाडं घेतलं जात नाही हे वाक्य, यादीबाहेरच्या कुणाला गाडी न देण्याची अट, चलन आणि नुकसान कोण भरणार, क्लेमची मर्यादा, बाहेर पडायची मुदत. गाडीने काय करायचं नाही, तेही लिहा: सवारी घेणं, दुकानाचा माल वाहणं, दुसरी गाडी ओढणं, दारू पिऊन चालवणं. दारूच्या बाबतीत दुसरी संधी नको, त्याच दिवशी सभासदत्व संपवा. अपघातात तिसरा माणूस जखमी झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करतात. करारामुळे मालकाची ती जबाबदारी टळत नाही. आपसात कोण कुणाला भरून देणार एवढंच तो ठरवतो, हे मालकाने सही करण्याआधी समजून घ्यावं.

बुकिंग आणि किल्ली

सामायिक गूगल कॅलेंडर पुरेसं आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बुकिंग घेऊ नका, संदेश वर सरकतात आणि दोघांना एकच वेळ मिळते. ग्रुप फक्त “निघालो”, “आलो” आणि फोटोंसाठी. दोन बुकिंगांमध्ये किमान एक तास मोकळा ठेवा, मुंबईहून परतणार असेल तर तीन तास. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की वेळेचा अंदाज कोलमडतो.

प्राधान्यक्रम आधीच लिहा. दवाखाना सगळ्यात वर, आणि त्यासाठी ठरलेलं बुकिंगही सोडायचं. त्यानंतर मालक. त्यानंतर आधी नोंदवेल तो. नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगी गडाला, श्रावणी सोमवारी त्र्यंबकला, दिवाळीत गावाला आणि लग्नाच्या तिथींना सगळ्यांनाच गाडी हवी असते. या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीला पंचांग समोर ठेवून करा आणि चिठ्ठ्या टाका. एरवी एका घराला महिन्यात एकच पूर्ण शनिवार-रविवार.

किल्ली वॉचमनच्या टेबलावर ठेवण्याची पद्धत बंद करा. भिंतीत पक्की बसवलेली नंबर लॉकची छोटी लोखंडी पेटी घ्या, आकडा फक्त सभासदांना माहीत हवा. दुसरी मूळ किल्ली मालकाच्या कपाटात. यामागे सवयीपेक्षा मोठं कारण आहे: गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक कुठे आहे हे सांगता आलं नाही, की निष्काळजीपणाचा मुद्दा काढून क्लेम अडकतो. बाजारातून तिसरी किल्ली बनवून घेऊ नका.

मूळ आरसी गाडीत ठेवू नका. आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. मालकाने डिजिलॉकरमधली पीडीएफ सगळ्यांना पाठवून ठेवावी.

गाडी घेताना आणि परत ठेवताना

घेताना गाडीभोवती फिरून एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा: चारही बाजू, चारही चाकांच्या कडा, पुढची काच. शेवटी इग्निशन चालू करून किलोमीटर, इंधनाचा काटा आणि डॅशबोर्डवरचे दिवे. व्हिडिओ निघण्याआधी ग्रुपवर टाकायचा. नवा ओरखडा निघण्याआधी दाखवला तर तो आधीच्या माणसाचा, नंतर सांगितला तर तुमचा. हा नियम कडक वाटतो, पण ओरखड्यावरून होणारे बहुतेक वाद त्याने मिटतात. बेसमेंटमध्ये उजेड कमी असतो, तिथे मोबाईलचा टॉर्च लावा. डावी मागची बाजू आणि अलॉय चाकांच्या कडा नीट पाहा, घासलेलं तिथेच जास्त सापडतं.

मग सीट, तिन्ही आरसे, पट्टा. आधीचा चालक वेगळ्या उंचीचा असणार, आणि गेटबाहेर पडल्यावर चालत्या गाडीत आरसा फिरवणं धोक्याचं.

परत ठेवताना गाडी आतून झाडून, कचरा काढून, काचा वर करून, ठरलेल्या जागीच. हेडलाइट आणि आतला दिवा बंद आहे ना, ते पाहा. आतला दिवा रात्रभर राहिला की जुनी बॅटरी सकाळी उठत नाही.

इंधनाचा हिशेब

लांबच्या फेरीला ‘फुल टाकी ते फुल टाकी’ ही पद्धत सगळ्यात निर्विवाद. गाडी फुल टाकी असताना न्यायची, आणि परत येताना ठरलेल्या एकाच पंपावर पहिल्या ऑटो कटपर्यंत भरायची. पंप बदलला की नळी कुठे थांबते त्यात अर्धा-एक लिटरचा फरक पडतो. ऑटो कटनंतर “राऊंड फिगर” करायला पुन्हा पुन्हा दाबून भरू देऊ नका, हिशेबही बिघडतो आणि टाकीच्या वाफ निघण्याच्या मार्गात पेट्रोल जातं.

आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांना ही पद्धत चालत नाही, कारण भरण्यातली चूक वापरापेक्षा मोठी होते. तिथे वहीत किलोमीटर लिहीत जा. ज्याच्या नावावर १०० किलोमीटर जमले त्याने पुढच्या वेळी तेवढं इंधन भरायचं. गाडी लिटरला १६ देत असेल तर ६.२५ लिटर. हा १६ चा आकडा कंपनीच्या जाहिरातीतून घेऊ नका. सलग तीन फुल टाक्यांचे किलोमीटर भागिले लिटर असा स्वतः काढा, आणि शहराचा वेगळा, महामार्गाचा वेगळा ठेवा. एसी लावून मुंबई नाका आणि द्वारकेच्या गर्दीतून जाणारी गाडी घोटीच्या रस्त्याइतकं अ‍ॅव्हरेज कधीच देणार नाही. त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. १६ च्या हिशेबाने पावणेचार लिटर, म्हणजे लिटरचा भाव १०४ धरला तर ३९० रुपये.

सीएनजी गाडीत हिशेब किलोत करा. दाबाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. दुपारच्या उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये त्याच दाबाला कमी वायू बसतो, काटा मात्र भरलेला दिसतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी आहे, ते वहीत लिहा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे हवी. ती नसेल तर ती गाडी क्लबला चालणार नाही.

टोल आणि चलन

मुंबईकडे घोटी आणि पडघा, पुण्याकडे सुरुवातीलाच शिंदे, धुळ्याकडे पिंपळगाव बसवंत, हे टोलनाके. निघण्याआधी फास्टॅगची शिल्लक बघून आपल्या फेरीपुरतं स्वतःच्या यूपीआयवरून भरायचं, आणि आल्यावर ती मूळ आकड्यावर आणून ठेवायची. मुंबईच्या फेऱ्या जास्त असतील तर ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास विचारात घ्या. तो २०० वेळा नाका ओलांडेपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत, जे आधी होईल तोवर चालतो. मुंबईला जाऊन येताना दोन नाके दोनदा, म्हणजे चार वेळा मोजले जातात, नाक्याला साधारण १५ रुपये पडतात. हा पास राष्ट्रीय महामार्गांचा आहे. समृद्धी महामार्गाचा टोल त्यात येत नाही, तो शिलकीतून कापला जातो. सभासद इगतपुरीहून समृद्धीने गेला आणि “पास आहे ना” म्हणून शिल्लक न बघता निघाला, तर तिथे अडकेल.

ई-चलन मालकाच्या मोबाईलवर येतं, आणि ते बरेच दिवसांनी येऊ शकतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकाने महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहावं, चलनावरची वेळ कॅलेंडरशी जुळवावी आणि त्या सभासदाने सात दिवसांत थेट ऑनलाइन भरावं. कॅलेंडरच्या नोंदी किमान दोन वर्षं पुसू नका. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, ते सांगणं मालकाला बंधनकारक आहे.

देखभाल, घाट, पाणी

कोणीच मालकासारखं पाहत नाही म्हणून सामायिक गाडीची हवा कायम कमी असते. दर पंधरा दिवसांनी एकाची पाळी लावा. टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेल्या दाबाप्रमाणे, स्टेपनीसकट. भरलेल्या गाडीचा दाब स्टिकरवर वेगळा असतो, वणीला सहा-सात जण जाताना तो ठेवा. टायरची खोबण १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद. सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, कंपनीच्या पुस्तकात जे आधी असेल ते. क्लबच्या गाडीचे किलोमीटर आधी संपतात, तारखेवर विसंबू नका.

नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि खालच्या वळणांवर नीट लागत नाहीत. नव्या सभासदाची पहिली घाटाची फेरी अनुभवी माणसाबरोबरच.

पावसाळ्यात गोदाघाटावर, नदीपात्राजवळच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची नाही, अर्ध्या तासासाठीही नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंड आणि गौरी पटांगणाच्या बाजूला पाणी चढायला वेळ लागत नाही. पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी दिसलं म्हणजे गाडी आधीच हललेली असली पाहिजे. गाडीत पाणी शिरलंच तर सुरू करून पाहू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पाण्यातून काढलेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही. बॅटरीची तार काढा आणि टोइंग बोलवा.

२०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांना गाडीचं बुकिंग घेऊ नका. खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवतात, आणि आत अडकलेली गाडी पुढच्या सभासदाला वेळेवर मिळत नाही.

अपघात झाला तर

आधी माणूस, मग गाडी. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलिस. रस्ते अपघातातल्या जखमीला २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, हे रुग्णालयात स्वतःहून सांगा. दोन्ही गाड्या, क्रमांक आणि रस्त्यावरच्या खुणांचे फोटो काढून मगच गाडी बाजूला घ्या. कुणी जखमी असेल तर पोलिसांना कळवणं चालकाचं कर्तव्य आहे, त्याला २४ तासांच्या वर उशीर नको. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तोवर गाडी उघडू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं: चालवत होता त्याचंच नाव द्या. “मालक चालवत होता असं सांगू, सोपं जाईल” असा सल्ला घटनास्थळी हमखास मिळतो. तो ऐकू नका. टोलनाक्याचे कॅमेरे, मोबाईलचं ठिकाण आणि रुग्णालयाची नोंद यांतून खोटं उघड होतं. मग जो क्लेम सरळ मंजूर झाला असता तोही जातो, आणि खोट्या जबाबाचा गुन्हा वेगळा. शेजाऱ्याने वैध लायसन्सवर, भाडं न देता गाडी चालवली, यात लपवण्यासारखं काहीच नाही.

बाहेर पडताना

सभासदाला एक महिन्याची सूचना पुरे. तो गेला त्या दिवशी किल्लीपेटीचा आकडा बदला, कॅलेंडरमधून त्याला काढा, वहीतले उरलेले किलोमीटर इंधनात मिटवा. करारावर त्याची बाहेर पडल्याची तारीख घालून सही घ्या, आणि त्या तारखेनंतर दोन महिने चलन तपासत राहा.

मालक गाडी विकत असेल तर नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लागू करता येतं. फॉर्म २९ आणि ३० भरून पेठ रोडच्या आरटीओतून आरसी नव्या मालकाच्या नावे झाल्याचं स्वतः तपासावं. आरसीवर जुनं नाव असेपर्यंत चलन आणि अपघाताचे दावे त्याच पत्त्यावर येतात. फास्टॅग काचेवरून काढून बँकेत बंद करावा, नाहीतर खरेदीदाराचे टोल जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतात.